आर्क फॉल्ट? है, कल मिलेगा!

नाताळ अंकाच्या संपादकांचा पहिला फोन आला तेव्हा मला दुबईहून कायमचं परतून जेमतेम महिना झाला होता. "तुमच्या नोकरीवर लेख आहे का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आहे ना! उद्या मिळेल." त्याला आता तीन नाताळ उलटले. संपादक सज्जन म्हणून अजून बोलतात. पण खरं सांगतो, फसवण्याचा हेतू अजिबात नव्हता. वीस वर्षं काउंटरवर उभं राहून तोंडाला जे वळण लागलं, ते पेन्शनीतही सुटत नाही.

मी देरा भागातल्या एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात होतो. वसईहून निघताना खिशात वायरमनचं सर्टिफिकेट होतं, पण करसनशेठनी पहिल्या दिवशी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तेरा चेहरा काउंटर का है." याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. मी ते कौतुक समजून उभा राहिलो तो उभाच राहिलो.

करसनशेठ कच्छचे. दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं, बारा फूट रुंद. माल ठेवायला रास अल खोरला गोडाऊन. पण आमचा खरा साठा आजूबाजूच्या दुकानांत असायचा, आणि त्यांचा आमच्याकडे. गिऱ्हाईक आलं, त्यानं वस्तू मागितली आणि ती आपल्याकडे नसली, तर त्याला बसवायचं, चहा मागवायचा, मागच्या दारानं शेजारच्या दुकानात जायचं आणि वस्तू घेऊन पुढे यायचं. गिऱ्हाईकाला वाटतं माल माळ्यावर होता. शेजारीही आपलंच दार असं वापरतो. या व्यवहारात एकच शब्द वर्ज्य होता. पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाईकाला "नहीं है" म्हणालो, तर शेठनी मला आत बोलावलं.

"फ्रान्सिस, काउंटर पे 'नहीं' बोलने का नहीं. 'नहीं' बोला तो गिराक बाजूवाले का हो गया."

"शेठ, पण वस्तू नसली तर?"

"तो 'है, कल मिलेगा' बोल. कल किसने देखा? इन्शाल्ला आ भी जाए."

आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा यायची. त्यामुळे माणसाला माज चढतो. आमच्याकडे लोक वस्तूंची नावं घेऊन येतच नसत. एक पठाण टॅक्सीवाला "वो जो टक करता है" असं मागायला आला. दहा वस्तू त्याच्या कानाशी वाजवून दाखवल्या, अकरावीला तो खूश झाला. एका बाईंना पाली जमणार नाहीत असा बल्ब हवा होता. मी त्यांना पिवळा बल्ब दिला. त्या वर्षभरानं पुन्हा तसाच न्यायला आल्या, म्हणजे पालींनीही माझ्या शब्दाचा मान राखला होता.

सगळेच प्रसंग असे गोड नाहीत. एका फिलिपिनो नर्सला मी जुन्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटसाठी "कल मिलेगा" म्हणत अकरा दिवस फिरवलं. बाराव्या दिवशी ती आली ती फक्त एवढंच सांगायला की तिनं नवी इस्त्री घेतली आहे, आणि मी आता शोधायचा त्रास घेऊ नये. हे ती हसून म्हणाली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य बोललो, "है, कल मिलेगा."

अशात दोन हजार सालाच्या पुढेमागे, बकरी ईदेला दहा-बारा दिवस असताना सईद दुकानात आला.

सईद तिथलाच अरब, तिशीतला, अंगात पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा, डोक्यावर मात्र अमेरिकन टोपी. पाच वर्षं अमेरिकेत शिकून आलेला. तिथं लाकडी घरात राहिला आणि त्या घराच्या प्रेमात पडला. परत आल्यावर त्यानं तसंच्या तसं लाकडी घर सुट्या भागांत जहाजानं मागवलं आणि धैदच्या बाजूला घरच्या शेतावर उभं केलं. घराबरोबर सगळी अमेरिकन वायरिंगही आली. तिकडची वीज आपल्या निम्म्या दाबाची, म्हणून बाहेर एक मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

त्यानं खिशातून एक ब्रेकर काढून काउंटरवर ठेवला. मी तसला कधी पाहिला नव्हता. बाजूला एक बटण आणि मागे पांढऱ्या वायरीचं शेपूट.

"आर्क फॉल्ट ब्रेकर," तो म्हणाला. "ये सिंगल है. मेरेको डबल पोल चाहिए. बेडरूम्स आर ऑन अ शेअर्ड न्यूट्रल, मॅन."

आता शारजात राहणाऱ्या माणसाच्या कानात 'शेअर' हा शब्द कसा शिरतो ते सांगायला हवं. मी आणि माझी बायको फिलोमिना पहिली सहा वर्षं शारजात शेअरिंगमध्ये राहिलो. शेअरिंग म्हणजे एक फ्लॅट, दोन कुटुंबं, एक किचन आणि फ्रिजच्या कप्प्यांवर नावं. बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, तपासायला आली की दुसरं कुटुंब 'पाहुणे' व्हायचं. तेव्हा मी काउंटरवरून पुढे वाकलो आणि हळूच विचारलं, "सर, शेअरिंग में कितनी फॅमिली है?"

"फॅमिली? मैं और मेरी माँ."

"तो शेअरिंग किसके साथ? डरो मत सर, बलदिया को कौन बोलेगा?"

"द वायर, मॅन!" सईद ओरडला. "द वायर इज शेअर्ड!"

मग डोक्यात उजेड पडला. आम्ही वायरमन त्याला कॉमन न्यूट्रल म्हणतो.

बाहेरच्या वाचकासाठी दोन वाक्यांत सांगतो. वीज एका तारेनं खोलीत जाते, ती फेज. काम करून दुसरीनं परत येते, ती न्यूट्रल. खोल्या दोन असल्या तर जाणाऱ्या तारा दोन आणि परतणाऱ्याही दोन, हा सरळ मार्ग. पण तांबं वाचवायला दोन खोल्यांना परतीची तार एकच देतात. जोडणी नीट असेल तर त्यात गैर काही नाही, अमेरिकेत सर्रास करतात.

आता आपला नेहमीचा ब्रेकर फार लोड आला किंवा शॉर्ट झाला की पडतो, म्हणजे वीज तोडतो. पण एखादी वायर दबली, सैल झाली आणि आतल्या आत बारीक ठिणग्या उडू लागल्या, तर त्याला पत्ता लागत नाही. सिमेंटच्या घरात भिंत काळी होते. लाकडी घरात घर काळं होतं. आर्क फॉल्ट ब्रेकर ती ठिणगी ओळखतो आणि पडतो. शिवाय हा संशयी असतो: माझ्यातून जेवढी वीज गेली तेवढीच परत यायला हवी, असा त्याचा हट्ट. परतीची तार एकच असली की एका ब्रेकरला दोघांची वीज परत आलेली दिसते, दुसऱ्याला काहीच परत आलेलं दिसत नाही, आणि दोघंही रुसून पडतात. सईदच्या घरात हेच चाललं होतं. एका बेडरूममध्ये दिवा लावला की दोन्ही बेडरूम अंधारात. यावर इलाज म्हणजे दोन्ही फेज एकत्र पाहणारा, दुहेरी ब्रेकर. तोच त्याला हवा होता.

"मिलेगा?" त्यानं विचारलं.

मागे शेठ बसले होते. मी त्या वस्तूचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

"है," मी म्हणालो. "कल मिलेगा."

सईदचा चेहरा असा खुलला की मला लाजच वाटली. मग त्यानं घाई कसली ते सांगितलं. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई, उम्म सईद, त्याच शेतावर जुन्या सिमेंटच्या घरात एकटी राहायची. त्या घराच्या छताचे पोपडे पडत होते. सईदनं नवं घर बांधलं ते तिच्यासाठीच. पण म्हातारी लाकडी घरात झोपायला तयार नव्हती. ती म्हणाली, लाकडावर भाकरी भाजतात, लाकडात माणूस झोपत नाही. सईदनं अमेरिकेत शेजारचं एक घर दिव्याच्या वायरीवरून जळताना पाहिलं होतं, त्यामुळे मनातून त्यालाही धाकधूक होतीच. शेवटी मायलेकांत तोडगा निघाला. राखणदार ब्रेकर बसले आणि दिवे न जाता चालले, तर ईदेच्या आदल्या दिवशी ती एक रात्र येऊन झोपून पाहील. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.

"शी इज स्टबर्न," सईद म्हणाला. "ईद के बाद कभी नहीं आएगी."

मी शोध सुरू केला. शेजारच्या अब्बासभाईंना विचारलं. अब्बासभाई आमच्याच गल्लीत घडलेले, ते म्हणाले, "है. कल मिलेगा." मी निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी नाईफ भागातल्या एका अनोळखी दुकानदाराचा फोन आला.

"फ्रान्सिसभाई, सुना है आपके पास डबल पोल आर्क फॉल्ट मिलता है? पार्टी एकदम अर्जंट है. अरब है, लकड़ी का बंगला है, बेचारे की माँ बहुत बीमार है."

दहा दुकानं फिरून माझीच चौकशी माझ्याकडे परत आली होती आणि वाटेत म्हातारी आजारीही पडली होती. हे सगळं मला लख्ख कळलं. तरी माझं तोंड म्हणालं, "है. कल मिलेगा."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता अख्ख्या देरात या ब्रेकरचा एकमेव खात्रीशीर विक्रेता मी आहे.

रास अल खोरच्या गोडाऊनलाही मी फोन केला होता. तिथल्या गोडाऊनकीपरला नीट ऐकू येत नसे आणि हे तो मान्य करत नसे. चौथ्या दिवशी दुकानासमोर पिकअप थांबली. तिघांनी मिळून जे उतरवलं ते आर्क वेल्डिंगचं मशीन होतं. वर चिठ्ठी: 'आर्क, फॉल्टवाला, एक नग.' मी फोनवर त्याच्या अंगावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "आपने ही बोला, आर्क, फॉल्ट. चालू वाला भी था. मैंने सोचा फ्रान्सिसभाई का कुछ हिसाब होगा." मशीन परत न्यायला पिकअप मिळेना. दोन दिवस ते दारात होतं, आणि त्या दोन दिवसांत तिघांनी ते विकत मागितलं. शेठची नजर बदलायला लागली तेव्हा मी घाईघाईनं ते परत पाठवलं.

सईद रोज यायचा. मी रोज "बुक्रा, इन्शाल्ला" म्हणायचो. उद्या, देवाची इच्छा असेल तर. यात खोटं काही नाही, फक्त सगळी जबाबदारी वरच्यावर ढकलली जाते. सईद शिकलेला होता, पण आईच्या बाबतीत भाबडा. रोज मला सांगायचा की आईनं आज घराच्या पायरीपर्यंत येऊन आत पाहिलं, आज दार उघडून पाहिलं. मला ऐकवत नसे.

शेवटी फिलोमिनानं उलगडा केला. ती ऊद मेथाला एका ऑफिसात सेक्रेटरी होती आणि तिथं इंटरनेट होतं. मी सईदच्या ब्रेकरवरचं कंपनीचं नाव आणि नंबर तिला लिहून दिला. संध्याकाळी ती शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून घरी आली आणि पर्समधून दोन छापील पानं काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे बघ. डबल पोल आर्क फॉल्ट असतो."

"असतो ना! मी काय म्हणत होतो?"

"पुढे ऐक. एक-दोन कंपन्याच करतात. सईदच्या घरातली ब्रेकरची पेटी वेगळ्या कंपनीची आहे. त्या पेटीत दुसऱ्या कंपनीचा ब्रेकर बसवायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. आणि या कंपनीचा डबल पोल नाही."

"म्हणजे स्टॉकमध्ये नाही?"

"म्हणजे जन्मालाच आला नाही," फिलोमिना म्हणाली. "नऊ दिवस तू त्या माणसाला नसलेली वस्तू उद्या देतोयस. उद्या सकाळी जा आणि सांग त्याला, नाही म्हणून."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नको. सांग."

मी सकाळी शेठना सांगितलं. ते बराच वेळ पानं उलटसुलट बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण विचार करायला हातात कागद लागत असे. मग त्यांनी माळ्यावरून साधा अमेरिकन डबल पोल ब्रेकर काढायला लावला, कुठल्याशा जुन्या ऑर्डरमधून उरलेला. तो सईदच्या पेटीत बसणारा होता, हे आमचं नशीब की कमनशीब ते ठरवणं कठीण आहे. शेठनी स्वतः स्टिकर छापला, 'आर्क फॉल्ट, डबल पोल', आणि अंगठ्यानं दाबून बसवला.

"शेठ, हे बरोबर नाही."

"क्या बरोबर नहीं? साधा ब्रेकर से कितने घर जले? मेरा घर जला? तेरा जला? उसका बत्ती नहीं जाएगा, माँ सो जाएगी, बेटा खुश. पुण्य का काम है, फ्रान्सिस. खलास."

मला सांगायला शरम वाटते, पण शेठचं म्हणणं मला पटलं. पूर्ण नाही, तरी तो डबा पिशवीत टाकण्याइतपत पटलं. दिवे गेले नसते, सईद खूश झाला असता, माझा शब्दही खरा झाला असता. ईदेला दोन दिवस होते. मी स्वतःच बसवून देतो म्हणून दुकानाच्या गाडीतून शेतावर गेलो.

उम्म सईद नव्या घराच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. पायरी त्यांनी ओलांडली होती, पण उंबरठा नाही. सत्तरीच्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, डोळे उघडे ठेवणारा बुरखा. माझ्याकडे पाहून त्या निराश झालेल्या दिसल्या.

"सईद बोला, फरान्सी आएगा," त्या म्हणाल्या. "तू तो हिंदी है."

अरबीत फरान्सी म्हणजे फ्रेंच माणूस आणि हिंदी म्हणजे हिंदुस्तानातला. बिचाऱ्या सकाळपासून फ्रान्सहून येणाऱ्या इंजिनियरची वाट पाहत होत्या. मी म्हणालो, "अम्मा, फ्रान्सिस माझं नाव. मैं वसई का."

आणि अम्मांचा नूरच पालटला. त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी. लहानपणाची काही वर्षं त्यांनी मुंबईत काढली होती. मोती गेले, मुंबई सुटली, पण हिंदी राहिली, तीही थेट मुंबईच्या बाजारातली. सईदपेक्षा चांगली बोलत होत्या.

"वसई! हमारे घर वसईवाली केले लेके आती थी. और वो सूखा हुआ, पत्ते में बाँधा हुआ, मीठा, क्या बोलते हैं..."

"सुकेळी!"

"हाँ, सुकेली! पचास-साठ बरस हो गया. तेरे पास है?"

"है," मी म्हणालो. "कल मिलेगा."

वाक्य संपायच्या आत मला घाम फुटला. वसई सहाशे कोसांवर आणि सुकेळ्यांचा हंगाम कुठला, ते मलाही आठवेना.

अम्मांनी मला खजूर दिले, छोट्या कपात कहवा ओतला आणि बुरख्याच्या आडून टक लावून पाहत राहिल्या. मुंबईच्या बाजारात वाढलेली बाई ती. दुकानदाराचं 'है' कसं वाजतं ते तिला माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं.

"तू हर चीज़ पे 'है' बोलता है?" त्यांनी विचारलं.

मी कहव्याचा कप तोंडाला लावला.

"सच बोल बेटा. इस थैली में जो है, वो वही है जो मेरा सईद बोलता है? आग को पहचानता है?"

सईद दारात उभा होता. आत पेटीजवळ वर्गीस, घर उभारणारा मल्याळी इलेक्ट्रिशियन, स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार होता. मला शेठ दिसत होते, अंगठ्यानं स्टिकर दाबणारे. म्हातारीनं दागिन्यांची चौकशी करावी तशा साध्या आवाजात विचारलं होतं. तिला तिथं झोपायचं होतं. मी नाही, शेठ नाही, ती झोपणार होती.

"नहीं है, अम्मा," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की सईद म्हणाला, "व्हॉट?"

"नहीं है," मी मोठ्यानं म्हणालो. "वो चीज़ मेरे पास नहीं है. किसीके पास नहीं है. आपकी पेटी के लिए कंपनी बनाती ही नहीं. मैं दस दिन से झूठ बोल रहा हूँ."

सईदचा चेहरा पडला, मग लाल झाला. दहा दिवस! अरबीत तो काय काय बोलला त्यातलं निम्मं मला समजलं आणि उरलेलं निम्मं समजलं नाही ते बरंच झालं. अम्मा मात्र हसायला लागल्या. बुरखा हलेपर्यंत हसल्या. "शुकर है," त्या सईदला म्हणाल्या, "एक तो सच्चा बनिया मिला." बनिया या शब्दावर मी हरकत घेतली नाही.

'नाही' म्हटल्याचा एक फायदा मला तेव्हा कळला. जोवर 'है' म्हणत होतो तोवर डोकं फक्त वस्तू शोधत होतं. 'नाही' म्हटलं आणि डोकं मोकळं झालं. वसईहून निघालेला वायरमन जागा झाला. वायरिंगला साजेसा ब्रेकर मिळत नसेल, तर ब्रेकरला साजेशी वायरिंग का करू नये? न्यूट्रल एकच आहे हाच तंटा आहे ना? मग खोल्यांना वेगळे न्यूट्रल द्या, सईदकडचे सिंगल ब्रेकर सुखानं चालतील.

मी वर्गीसला विचारलं, "छताच्या वरून पेटीपर्यंत वायर ओढता येईल?"

वर्गीसनं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साब, ये तो मैं पहले दिन बोला. कोई सुना नहीं. सब बोला, ब्रेकर कल आएगा."

अख्ख्या देरानं दहा दिवस शोधलेलं उत्तर तिथं पेटीजवळ उभं होतं आणि त्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. आमची सगळी धावपळ म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. मी बाह्या सरसावल्या आणि वर्गीसबरोबर छताच्या पोकळीत शिरलो. दोन दिवस आम्ही पोटावर सरपटत वायरी ओढल्या. माझे गुडघे आजही त्या दोन दिवसांची साक्ष देतात. पिशवीतल्या डब्यावरचा स्टिकर मी तिथंच खरवडून काढला आणि शेठना फोन करून सांगितलं की मी नाही म्हणालो. मग शेठनी विचारलं, "गिराक के सामने?" मी हो म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. नोकरी जाते की काय असं वाटलं. गेली नाही, पण आठवडाभर ते माझ्याशी फक्त अब्बासभाईंमार्फत बोलले.

ईदेच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही खोल्यांत दिवे लावले, पंखे लावले, एसी लावला. काही पडलं नाही. अम्मांनी उंबरठा ओलांडला, खोली पाहिली, भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि "ठीक है, एक रात" म्हणाल्या.

ईदेची सुट्टी संपून दुकान उघडलं त्या सकाळी पहिला फोन त्यांचाच.

"फरान्सी, तेरा ब्रेकर गिर गया."

"कब, अम्मा?"

"ईद की सुबह. लाइट गई. मैं समझी, तूने फिर झूठ बोला."

"फिर?"

"फिर सईद ने उठाया, फिर गिरा. उठाया, फिर गिरा. फिर उसने पलंग हटाया. मेरा पलंग भारी है, सागवान का, शादी का. उस रात मैंने ही उधर रखवाया था. पाँव के नीचे बत्ती का तार दबा था. काला हो गया था, बेटा. नीचे कालीन में इतना छेद."

इतना म्हणजे किती, ते फोनवर दिसलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही. स्टिकर लावलेला तो साधा ब्रेकर त्या सकाळी तिथं असता तर पडला नसता. दिवे गेले नसते, सईद खूश असता, माझा शब्द खरा झाला असता, आणि सागवानी पलंगाखाली, लाकडी जमिनीवर ती वायर सावकाश जळत राहिली असती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा देवाचे आभार मानले आहेत, पण त्या दिवशीइतके मनापासून कधीच नाही.

"अम्मा, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी मराठीतच विचारलं. त्यांना समजलं.

"मैं ठीक. सुन, अब वो मशीन मेरे पुराने घर में भी लगा दे. ईद में मेहमान थे तो इधर रुक गई, आज वापस जाती हूँ."

जुन्या घराची वायरिंग आपल्याकडच्यासारखी, दुप्पट दाबाची. अमेरिकन ब्रेकर तिथं चालणारच नाही, आणि त्या दाबाचा तसला ब्रेकर मी कुठं पाहिलाही नव्हता. शेठ कान टवकारून माझ्याकडे बघत होते.

"उस घर के लिए नहीं है, अम्मा."

"कल मिलेगा?"

"नहीं. कल भी नहीं."

मग अम्मांचा आवाज आला, थोडा रागावलेला, जणू जुन्या घरानं इतकी वर्षं त्यांना फसवलं होतं.

"तो उधर मैं क्यों सोऊँ? मेरा कुछ हो जाए तो?" त्या म्हणाल्या आणि तिथूनच मोठ्यानं सईदला हाक मारली. फोन तसाच चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. कपाट आज आणायचं होतं, ट्रंक आज आणायची होती, आणि कोंबड्या उद्या.